गवत कापणाऱ्या यंत्राची पाती व स्पिंडल : दोष कसा ओळखावा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव मोसंबीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या गावी हंगामात आसपासच्या बागांतील मोसंबी येते आणि येथून मालमोटारींतून उत्तर भारतातील बाजारपेठांकडे रवाना होते. या फळाने परिसरातील अनेक कुटुंबांना चार पैसे दाखविले, तसेच पाण्याच्या टंचाईने त्यांना कसोटीसही लावले. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेच. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा पाण्यावाचून वाळल्या व तोडाव्या लागल्या. वर्षानुवर्षे लेकरासारखी वाढविलेली झाडे तोडण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना जमिनीतील ओलीचे मोल निराळे सांगावयास नको.

ओल राखण्याच्या या प्रयत्नात बागेतील गवताचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि गवताच्या प्रश्नाबरोबरच ट्रॅक्टरच्या मागे जोडून चालविण्याच्या गवतकापणी यंत्राचा, म्हणजे ज्यास सर्वसाधारणपणे स्लॅशर किंवा मोवर म्हणतात त्याचा, प्रश्न येतो. यंत्र घेतले म्हणजे काम संपले असे होत नाही. त्याची पाती आणि ती फिरविणारे स्पिंडल यांची परीक्षा ज्यास करता येते, त्याचेच यंत्र हंगामात उभे राहत नाही. ती परीक्षा कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

गवत उपटावे की कापावे?

मोसंबीच्या झाडाची अन्न शोषून घेणारी तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. वारंवार खोल नांगरट किंवा रोटाव्हेटर केल्यास गवत नाहीसे होते हे खरे. पण त्याबरोबर ही मुळेही तुटतात आणि मोकळी झालेली माती उन्हाने लवकर वाळते. उलट, दोन ओळींमधील गवत ठरावीक उंचीवर कापून तेथेच पसरू दिले, तर त्याचे आच्छादन होते. माती तापत नाही, पावसाचा मार जमिनीस बसत नाही, आणि कुजलेले गवत कालांतराने खतच होते. मात्र ही कापणी वेळेवर व्हावी लागते. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस यंत्र बंद पडले की गवत गुडघ्याच्या वर जाते, त्यास बी धरते, आणि मग नाइलाजाने शेतकरी पुन्हा रोटाव्हेटरकडे वळतो. एका नादुरुस्त बेअरिंगमुळे बागेच्या मशागतीची सारी पद्धतच बदलावी लागते, ती अशी.

यंत्राची रचना

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग याने तयार केले व १८३० साली त्याचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरील लव कातरण्याचे यंत्र पाहून त्यास ही कल्पना सुचली. त्या यंत्रात आडव्या नळकांड्यावर पाती बसविलेली होती. आज बागेत वापरात असलेल्या यंत्रांत मात्र पाते उभ्या आसाच्या खालच्या टोकास बसविलेले असते आणि ते जमिनीस समांतर गरगर फिरते. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ कापण्यासाठी लोक ज्या यंत्रावर बसून फिरतात, त्याच्या पोटाखालचा डेकही याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे त्या यंत्राचे दोष आणि पाचोडच्या बागेतील यंत्राचे दोष यांत फारसा फरक नाही.

बागांतील यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरून शक्ती गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या उभ्या शाफ्टला खाली एक जाड पट्टी किंवा तबकडी असते आणि तिच्या टोकांना बोल्टवर झुलणारी दोन किंवा अधिक पाती असतात. दगड लागल्यास पाते मागे झुकते व धक्का कमी बसतो. दुसऱ्या प्रकारात दोन किंवा तीन उभे स्पिंडल शेजारी शेजारी असून त्या सर्वांना एकच पट्टा पुलीवरून फिरवितो. प्रत्येक स्पिंडलला वर पुली, मध्ये बिडाची किंवा ॲल्युमिनियमची घडण म्हणजे हाउसिंग, हाउसिंगमध्ये वर-खाली दोन बेअरिंगे, त्या दोहोंमध्ये अंतर राखणारी नळी म्हणजे स्पेसर, आणि खाली एकसंध पाते, अशी ही मांडणी असते.

या यंत्रात किती बळ कोंडलेले असते ते एका हिशेबावरून ध्यानी येईल. सव्वा मीटरच्या आसपास, समजा १.२ मीटर, व्यासात फिरणारी पाती मिनिटास १,००० फेरे घेत असतील, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होतो. अशा पात्याच्या एका बाजूस, मध्यापासून अर्ध्या मीटरवर, केवळ ५० ग्रॅम वजन अधिक झाले तर स्पिंडलवर सुमारे २८ किलो वजनाइतकी ओढ पडते, आणि ही ओढ मिनिटास हजार वेळा दिशा बदलते. एक मूठ चिखल वाळून पात्यास चिकटला तरी बेअरिंग का खिळखिळे होते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

परीक्षेपूर्वी घ्यावयाची खबरदारी

पात्याजवळ हात नेण्यापूर्वी पीटीओ बंद करावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि पाती पूर्णपणे थांबेपर्यंत वाट पाहावी. इंजिन बंद झाल्यावरही जड पाती काही काळ फिरतच राहतात. त्यानंतर पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरपासून सोडवावा. यंत्र केवळ हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली कोणीही जाऊ नये. भक्कम लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडे लावून यंत्र त्यांवर टेकवावे. हातात जाड हातमोजे असावेत. धार बोथट झाली तरी पाते ते पातेच, हे विसरू नये.

लक्षणांवरून दोषाचा अंदाज

वैद्य ज्याप्रमाणे औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, त्याप्रमाणे यंत्र खोलण्यापूर्वी त्याची लक्षणे पाहावीत. कापलेले गवत, आवाज, थरथर आणि उष्णता ही चार लक्षणे पुष्कळ काही सांगतात.

प्रथम कापलेले गवत पाहावे. गवताची टोके सरळ तुटलेली असली तर धार ठीक आहे. टोके चिंधीसारखी फाटून एक-दोन दिवसांत पांढरट-तपकिरी दिसू लागली, तर पाते बोथट झाले आहे. दोन पात्यांच्या मधल्या जागेत न कापलेल्या गवताची लांबच लांब रेघ राहत असेल, तर पात्यांची टोके झिजून आखूड झाली आहेत, किंवा एका स्पिंडलवर पट्टा घसरत असून ते पाते हळू फिरते आहे. कापलेल्या पट्ट्यात पायरीसारखा उंचवटा दिसला, म्हणजे एक पाते दुसऱ्यापेक्षा खाली चालते आहे. यास वाकडे पाते, वाकडे स्पिंडल किंवा हाउसिंग जेथे बसते तेथे डेकच्या पत्र्यास गेलेली चीर कारण असू शकते. संपूर्ण पट्टाच एका बाजूस उंच व दुसऱ्या बाजूस खोल कापला जात असेल, तर पाती सोडून आधी टायरमधील हवा आणि डेकची पातळी तपासावी. नवे पाते लावल्यावर गवत केवळ आडवे पडून राहू लागले, तर ते उलटे बसविले गेले आहे काय हे पाहावे. पात्याच्या टोकाजवळचा वळविलेला कान नेहमी वर, डेककडे असावयास हवा. तोच गवताला वर ओढून उभे करतो.

आवाजाचेही असेच आहे. घरघर किंवा जात्यासारखा आवाज बहुधा बेअरिंगचा असतो. कर्कश किंकाळीसारखा आवाज घसरणाऱ्या पट्ट्याचा असतो. परंतु पट्टा का घसरतो हे पाहिले तर पुष्कळदा एखादे जाम झालेले बेअरिंग सापडते. ठरावीक अंतराने येणारा टक-टक आवाज म्हणजे पाते डेकच्या पत्र्यास किंवा शेजारच्या पात्यास स्पर्श करीत आहे. असा आवाज येताच यंत्र त्याच जागी थांबवावे; एवढी ओळ संपवून मग पाहू, असे म्हणू नये.

थरथर अचानक सुरू झाली असेल तर काहीतरी आदळून पाते वाकले, तुटले किंवा झुलत्या पात्यांपैकी एक अडकले, असे समजावे. थरथर हळूहळू वाढत गेली असेल तर झीज किंवा ढिलेपणा हे कारण मानावे. यंत्र उचलले असता थरथर वाढते आणि खाली ठेवले असता कमी होते असा अनुभव आल्यास दोष पात्यात नसून पीटीओ शाफ्टच्या सांध्यात असण्याचा संभव अधिक.

उष्णतेची परीक्षा काम थांबविल्यावर लगेच, पाती स्थिर झाल्यानंतर करावी. सर्व हाउसिंगांजवळ हात नेऊन तुलना करावी. एक हाउसिंग इतरांपेक्षा उघडपणे अधिक तापलेले असेल, तर त्यातील बेअरिंग शेवटच्या घटका मोजीत आहे. जळक्या रबराचा वास आला तर पट्टा घसरतो आहे असे समजावे.

बेअरिंगची परीक्षा

लक्षणे पाहिल्यानंतर नेमका कोणता स्पिंडल दोषी आहे हे ठरवावे लागते. पट्टा चढविलेला असताना सर्व स्पिंडल एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे दोष लपतो. म्हणून प्रथम पट्टा उतरवावा. मग प्रत्येक पाते हाताने सावकाश फिरवावे. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते. हातास खरखर जाणवली, मध्येच अटकाव झाला किंवा वाळू दळल्यासारखा आवाज आला, तर ते बेअरिंग बदलावयास झाले आहे. यानंतर पात्याची दोन्ही टोके धरून वर-खाली व आडवे हलवून पाहावे. हाउसिंगमध्ये जाणवण्याइतका खेळ असता कामा नये. हीच परीक्षा पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचीही करावी. तिच्या बेअरिंगकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि आवाजाचा आळ मात्र स्पिंडलवर येतो.

हाउसिंगच्या खालच्या तोंडाशी काय गुंडाळले गेले आहे हेही पाहावे. पाचोड भागातील बागांत ठिबकच्या नळ्या, फळांनी लवलेल्या फांद्यांना दिलेल्या बांबूच्या टेकूंची सुतळी आणि तार ही नेहमीचीच. त्यांचा एखादा तुकडा स्पिंडलभोवती गुंडाळला की तो हळूहळू सीलमध्ये शिरतो, सील फाटते, आणि मग धूळ व पाणी थेट बेअरिंगमध्ये जाते. गिअरबॉक्सच्या यंत्रात याच कारणाने खालच्या सीलमधून तेल गळू लागते. तेल गळते आहे हे ध्यानी न आल्यास गिअर कोरडे चालून सर्वांत महागडा भाग निकामी होतो.

पाते वाकडे की स्पिंडल?

हा प्रश्न अनेकदा चुकीचा सुटतो. पाते वाकडे असताना स्पिंडल बदलला जातो, किंवा स्पिंडल वाकडा असताना पात्यामागून पाती बदलली जातात. या दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. तिला खडू, एक लाकडी ठोकळा व मोजपट्टी एवढेच साहित्य लागते.

यंत्र ठोकळ्यांवर स्थिर करावे. पात्याच्या एका टोकास खडूने एक रेघ व दुसऱ्या टोकास दोन रेघा काढाव्यात. पहिल्या टोकाखाली ठोकळा ठेवून ठोकळ्यापासून टोकाची उंची मोजावी. ठोकळा न हलविता पाते अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणावे व त्याचीही उंची मोजावी. दोन्ही मापे सारखी आली तर पाते व स्पिंडल दोन्ही सरळ आहेत. तीन मिलिमीटरहून अधिक फरक आला तर काहीतरी वाकडे आहे.

आता वाकडे काय ते ठरवावयाचे. पाते कोणत्या बाजूस उंच आहे याची खूण स्पिंडलवरही करावी. मग पात्याचा बोल्ट सोडून पाते त्याच स्पिंडलवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे व घट्ट आवळावे. आता पुन्हा मोजले असता जे टोक आधी उंच होते तेच अजूनही उंच असेल, तर दोष पात्याचा आहे. पात्याचे टोक बदलले, पण स्पिंडलवरील खुणेची बाजूच उंच राहिली, तर स्पिंडल वाकडा आहे. या परीक्षेस पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि एका चुकीच्या सुट्या भागाची किंमत वाचते.

झुलत्या पात्यांच्या स्लॅशरमध्ये पात्यांचे टोक मोजून उपयोग नाही, कारण ती बोल्टवर सैल असतात. तेथे पाती ज्या पट्टीवर बसविलेली असतात त्या पट्टीची दोन टोके मोजावीत. शिवाय प्रत्येक पाते हाताने मोकळे झुलते काय, बोल्ट झिजून बारीक झाला आहे काय आणि पात्याचे भोक लंबगोल झाले आहे काय, हे पाहावे. गंजाने अडकलेले एक पाते आणि मोकळे फिरणारे दुसरे पाते, अशी स्थिती असेल तर तोल राहणे शक्य नाही.

धार आणि तोल

पात्यास धार लावताना मूळ उताराचाच कोन राखावा. तो सामान्यतः तीस अंशांच्या आसपास असतो. कानशीने लावलेली धार सावकाश लागते, पण पाते तापत नाही. ग्राइंडरवर धार लावावयाची असल्यास मध्ये मध्ये थांबून पाते थंड होऊ द्यावे. धारेवर निळसर रंग चढला की तेथील पाणी उतरले असे समजावे; ती धार पुढे टिकत नाही.

धार लावल्यावर तोल पाहणे आवश्यक आहे. भिंतीत आडवा ठोकलेल्या खिळ्यावर पात्याचे मधले भोक अडकवावे व पाते आडवे सोडावे. एक बाजू खाली जाईल तर ती जड आहे. त्याच बाजूच्या टोकाकडील धातू थोडा थोडा घासून पाते आडवे राहीपर्यंत परीक्षा करावी. तोल पाहण्यापूर्वी चिकटलेला चिखल खरवडून काढावा, नाहीतर चिखलाचाच तोल केला जातो. झुलती पाती जोडीने बदलावीत. एक जुने व एक नवे ही जोडी कधीही समतोल राहत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे जरूर आहे. वाकलेले पाते घणाने ठोकून सरळ करू नये आणि चीर गेलेले पाते वेल्डिंग करून पुन्हा लावू नये. पात्याचे पोलाद विशिष्ट रीतीने कडक केलेले असते. ठोकल्याने त्यात न दिसणारी चीर पडते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होतो. असे पाते ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरताना तुटले, तर त्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटतो. शेजारच्या ओळीत फळे तोडणारा मजूर किंवा ट्रॅक्टरवर बसलेला घरचाच मुलगा यांच्या जिवापुढे नव्या पात्याची किंमत ती काय? कान जेथे वळविला आहे तेथील भाग वाळूने घासून पातळ होतो. त्या जागी चीर आहे काय हे प्रत्येक वेळी बारकाईने पाहावे.

बेअरिंग बसविताना

जुने बेअरिंग काढल्यावर त्याच्या कडीवरील क्रमांक लिहून घ्यावा. उदाहरणार्थ, ६२०५ या क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांस, म्हणजे ०५ ला, पाचाने गुणले असता २५ येतात. हे त्या बेअरिंगच्या आतील भोकाचे माप मिलिमीटरमध्ये होय. दुकानदाराने दिलेले बेअरिंग बरोबर आहे काय, हे यावरून ताडता येते. एका स्पिंडलवरील दोन्ही बेअरिंगे एकदमच बदलावीत.

बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबताना बळ बाहेरच्या कडीवर द्यावे. शाफ्टवर चढविताना आतल्या कडीवर द्यावे. उलट केले तर सारा मार गोळ्यांवर बसतो, त्यांचे ठसे कडीत उमटतात, आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागते. हातोडीऐवजी प्रेस किंवा योग्य मापाची नळी वापरणे श्रेयस्कर. दोन बेअरिंगांमधील स्पेसर नळी पुन्हा बसविण्यास विसरू नये. ती नसेल तर नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळे चिरडले जातात आणि बेअरिंग तापते. बेअरिंग हाउसिंगमध्ये सैल बसत असेल, तर पत्र्याची पट्टी घालून किंवा छन्नीचे टोचे मारून ते घट्ट करू नये, हाउसिंग बदलावे.

ग्रीसच्या बाबतीतही मर्यादा हवी. काही हाउसिंगांना ग्रीस निपल असते, काहींतील बेअरिंगे कायमची बंद असतात. निपल असेल तेथे पुस्तिकेत सांगितले तितकेच ग्रीस भरावे. पंपाने जोर लावून भरलेले जादा ग्रीस सील बाहेर ढकलते. यंत्र धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये.

पट्टा घसरू नये म्हणून तो फाजील ताणणे हेही बेअरिंगच्या मुळावर येते. गिअरबॉक्सच्या यंत्रात धक्का बसला असता तुटावा म्हणून जो मऊ बोल्ट दिलेला असतो, त्याच्या जागी कठीण पोलादी बोल्ट घालण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. बोल्ट तुटणे थांबते खरे. पुढच्या दगडाला मात्र गिअर तुटतो.

एक उदाहरण

समजा, तीन स्पिंडलांचे एक यंत्र बांध ओलांडताना दगडास लागले. त्या दिवसापासून ते थरथरू लागले आणि उजव्या बाजूचे गवत पायरीसारखे खाली कापले जाऊ लागले. आठवड्याने उजव्या स्पिंडलची घरघर सुरू झाली. मिस्त्रीने बेअरिंग बदलले, आवाज थांबला. पण चार दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला. बेअरिंग हलक्या प्रतीचे निघाले, असा निष्कर्ष काढून दुसरे आणले गेले. तेही टिकले नाही.

आता वर सांगितलेली खडूची परीक्षा केली असता दोन टोकांत आठ मिलिमीटरचा फरक दिसला. पाते अर्धा फेरा फिरवून बसविले तरी स्पिंडलवरील खुणेचीच बाजू उंच राहिली. म्हणजे वाकला होता तो स्पिंडल. बेअरिंग हे दोषाचे कारण नव्हते; ते त्या दोषाचे बळी होते. स्पिंडल, दोन्ही बेअरिंगे व तोल पाहिलेले पाते एकत्र बसविले असता यंत्र शांत झाले असते, आणि हे पहिल्याच दिवशी झाले असते तर दोन बेअरिंगांचा खर्च व कापणीचा पंधरवडा वाया गेला नसता. जो भाग मोडला तो बदलण्यापूर्वी तो का मोडला हे विचारावे, हा या उदाहरणाचा बोध होय.

झाडाच्या बुंध्याची काळजी

यंत्राचा दोष कधी कधी झाडास भोवतो. ढिल्या जोडणीमुळे हेलकावे खाणारा डेक बुंध्यास घासला की साल सोलली जाते. ओलसर हवेत फायटोफ्थोरा बुरशी अशा जखमेतून शिरते आणि डिंक्या रोग जडतो. म्हणून यंत्र झाडाच्या घेराबाहेरच चालवावे, बुंध्याजवळचे गवत हाताने काढावे, आणि सालीस इजा झालीच तर ती जागा स्वच्छ करून एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो पेस्ट लावावी. कापणीपूर्वी ओळीतून एकदा पायी फिरून दगड, तारा व सुटलेल्या ठिबकच्या नळ्या बाजूस काराव्यात. यंत्र चालू असताना त्या भागात मजूर, मुले व जनावरे असू नयेत. मागील साखळ्यांचा पडदा तुटला असेल तर तो लावल्याशिवाय यंत्र चालवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आज पुष्कळ गावांत अवजारे बँकेमार्फत यंत्रे भाड्याने मिळतात. अशा यंत्राचे चालक अनेक, पण त्याची थरथर लक्षात ठेवणारा कोणी नाही, अशी स्थिती होते. म्हणून प्रत्येक यंत्राबरोबर एक साधी वही असावी. तीत कापणीचे तास, धार लावल्याची तारीख, बदललेल्या बेअरिंगचा क्रमांक आणि दगड लागल्याची नोंद असावी. मे महिन्यात, पहिल्या पावसापूर्वी, गावातील यंत्रे एका ठिकाणी आणवून पट्टा उतरवून फिरविण्याची, खडूने मोजण्याची व खिळ्यावर तोलण्याची, अशा तीनही परीक्षा शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्याव्यात. ऐकलेले विसरले जाते, पण हाताने एकदा जाणवलेली बेअरिंगची खरखर विसरली जात नाही. बागेच्या मशागतीविषयी अधिक माहिती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून तसेच जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्राकडून घेता येईल.

बैलाच्या खुरात काटा गेला की तो किंचित लंगडतो, आणि जाणता शेतकरी त्याच क्षणी औत थांबवून खूर पाहतो. यंत्रासही अशीच बोली आहे. ती थरथरीतून, आवाजातून आणि कापलेल्या गवताच्या टोकांतून बोलली जाते. दर दहा तासांच्या कामानंतर पंधरा मिनिटे तिच्याकडे लक्ष दिले, तर यंत्र हंगामभर चालेल, गवत वेळेवर कापले जाईल, आणि पावसाने दिलेली ओल उन्हाळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या झाडांच्या मुळाशी राहील.